बापाचं पित्त, लेकीचा नखरा

आत्याच्या चारित्र्याबद्दल गल्लीत दोन मतं नव्हती. एकच होतं, आणि ते वाईट होतं.

कोपऱ्यावर तिची लाँड्री. पन्नाशी ओलांडलेली, केस आखूड, डोक्यावर घरात-दारात एक रुंद काठाची टोपी. सकाळी शटर वर गेलं की रस्त्यावरून जाणाऱ्या पहिल्या माणसाला ती डोळा मारायची. तो दूधवाला असो की काठी टेकत फिरायला निघालेले निवृत्त न्यायाधीश, आत्या भेदभाव करत नसे. डावा डोळा झटकन मिटायचा, त्या बाजूचा गाल वर चढायचा, ओठाचा कोपरा गालामागोमाग जायचा, आणि जे काही तयार व्हायचं त्याला कुठल्याही रस्त्यावर एकच नाव आहे. न्यायाधीशांनी म्हणे पहिल्या दिवशी पलीकडची बाजू धरली होती. दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा अलीकडून जाऊ लागले, आणि शर्टही धुतलेला असायचा.

पोरं तिला मागून ‘लुकलुक’ म्हणत. तिला ते माहीत होतं. आवडायचंही.

खरी गोष्ट एवढीच होती की समोरच्या औषधांच्या दुकानाला मोठी काच होती. सकाळचं ऊन त्या काचेवर आपटून सरळ आत्याच्या डोळ्यांत शिरायचं. दुसऱ्या कोणी कपाळावर हात धरला असता आणि कामाला लागला असता. आत्याला तो उजेड सुईसारखा टोचायचा. नुसता टोचून थांबला असता तरी चाललं असतं. तो समोरचं सगळं पुसून टाकायचा. माणसं, सायकली, पाट्या, सगळ्यांवर कोणी चुना फासावा तसं. एक डोळा मिटला की दुसऱ्याला जरा तरी काही उरायचं. उन्हातून आत आली की उलटी तऱ्हा. मग टेबलाची कड धरून उभं राहायचं, आणि कपाट, कपड्यांचे गठ्ठे, पाण्याचा फवारा एकेक करून परत जागेवर येईपर्यंत एखादं गाणं गुणगुणायचं, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की बाई आज खुशीत आहेत.

पांढरे कपडे ती आतल्या बाजूला, पिवळ्या दिव्याखाली घ्यायची. हॉटेलातल्या चादरी आल्या की तिची पंचाईत व्हायची. पसरलेली पांढरी चादर म्हणजे टेबलावर चढून बसलेला सूर्यच. त्यावर तिने तोड काढली होती. चादरीवर एक गडद निळं फडकं टाकायचं, हातभर पट्टी उघडी ठेवायची, तेवढी इस्त्री झाली की फडकं पुढे सरकवायचं. गल्लीच्या दुसऱ्या टोकाच्या लाँड्रीवाल्याने हे एकदा पाहिलं. आत्याच्या चादरी इतक्या सुरेख का होतात याचं गुपित सापडलं असं समजून त्यानेही निळं फडकं घेतलं, आणि आजतागायत तो ते इमानदारीने सरकवतो आहे.

तर हे असं असताना तिने सरळ सांगितलं का नाही, की बाबांनो, मला उजेड सोसत नाही?

कारण सांगितलं की काय होतं ते तिने बापाच्या वेळी पाहिलं होतं. बाप गोदामावर राखणदार होता. दुपारच्या उन्हात फाटकाशी उभा राहिला की त्याचाही एक डोळा मिटायचा, कपाळ दुखायचं, कधी उलटीही व्हायची. घरात त्याला ‘पित्त’ म्हणत. पित्तावर पथ्य होतं, चूर्ण होतं, आणि मुख्य म्हणजे इज्जत होती. पण बाप पडला सरळमार्गी. एकदा मालकाला म्हणाला, “साहेब, उन्हात मला माणूस ओळखू येत नाही.” दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून फाटकाची किल्ली काढून घेतली आणि त्याला कोपऱ्यात एक स्टूल दिलं. तेव्हापासून गोदामातला जो तो त्याच्याशी मोठ्यांदा आणि तोडून तोडून बोलायचा. बापाचे कान इतके तिखट होते की भिंतीवरची पाल चाललेली त्याला ऐकू यायची. तो म्हणायचा, “डोळ्याचं सांगितलं आणि लोकांनी कान काढून घेतले.”

आत्या तेव्हा विशीत होती. बसथांब्यावर कोणीतरी तिला म्हणालं, “काय हो, डोळा मारता काय?” तिने क्षणभर विचार केला. एका बाजूला स्टूल होतं, दुसऱ्या बाजूला बदनामी. “मारला तर?” ती म्हणाली. तिथून पुढे ती बदनामीच्या जिवावर ताठ मानेने जगली. तिच्या घरचा कायदाच होता तसा: पुरुषाचा डोळा मिटला तर पित्त, बाईचा मिटला तर नखरा. धाकट्या भावाला पित्त होतं. भर दुपारी तो स्कूटर चालवत नसे, घरात टोपी घालून जेवत असे, आणि पडदे ओढून पडून राहत असे. त्याची बायको त्याच्यासाठी सरबत करी आणि नणंदेच्या नावाने नाक मुरडी.

समोरचे औषधवाले विधुर होते. ती काच त्यांचीच. रोज सकाळी काचेपलीकडे उभे राहून ते समोरच्या बाईकडून डोळा स्वीकारत, आणि उत्तरादाखल केसांवरून हात फिरवत. यापलीकडे मजल कधी गेली नाही. पण केसांना अलीकडे रंग लागायला लागला होता, आणि तो चांगल्या प्रतीचा होता.

हे सगळं असंच चाललं असतं. पण मध्ये आली भावाची मुलगी, शाळेच्या गणवेशात.

तिला घरात मुंगी म्हणत. चणीने बारीक, सतत काहीतरी उचलून कुठेतरी नेणारी. शाळा सुटली की आई कामावरून येईपर्यंत ती आत्याच्या दुकानात थांबायची. दुकानात बसायला बाक होता, पण मुंगी इस्त्रीच्या टेबलाखाली, चादरींच्या सावलीत बसून अभ्यास करायची. आत्याला वाटलं, पोरांना अशा गुहा आवडतात. मग एकदा पोर उन्हातून पळत आली, उंबऱ्यात थबकली, टेबलाची कड शोधून धरली, आणि गाणं गुणगुणू लागली.

आत्याच्या हातातली इस्त्री तशीच राहिली. कोणाच्या तरी पँटवर त्रिकोणी डाग पडला. होईल कमी, असं स्वतःला म्हणाली. काय कमी होणार होतं ते मात्र तिने स्वतःला विचारलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत वर्गशिक्षिकेने मुंगीच्या आईवडिलांना शाळेत बोलावून घेतलं. संध्याकाळी वहिनी दुकानात शिरली ती चप्पल न काढता.

“वन्सं, तुमची भाची काय करते वर्गात, ठाऊक आहे?”

“काय करते?”

“डोळा मारते. बाईंना. गणिताच्या तासाला.”

आत्याने शर्टाची कॉलर उलटी केली. “गणिताच्या तासाला दुसरं करण्यासारखं तरी काय असतं?”

“हसण्यावारी नेऊ नका. बाईंनी समज दिली. ऐकेना म्हणून नजरेसमोर राहावी अशी पहिल्या बाकावर, खिडकीशी आणून बसवली, तर आता दर मिनिटाला मारते. मला म्हणाल्या, घरात कोणाचं बघून शिकली? काय सांगू मी? कोणाचं नाव घेऊ?”

मागे भाऊ उभा होता. टोपी डोळ्यांवर ओढलेली. “ताई, तुझं जाऊ दे गं, तुझं आयुष्य गेलं. पण लेकरू आहे ते.”

“खिडकीशी?” आत्या म्हणाली. “कुठल्या बाजूच्या?”

“खिडकीचं काय घेऊन बसलात?” वहिनीचा आवाज चढला. “उद्यापासून ती इथे येणार नाही. शेजारी थांबेल.”

आत्याच्या जिभेवर आलं होतं. अगदी टोकावर. तेवढ्यात भाऊ म्हणाला, “चल, माझं डोकं ठणकतंय, पित्त उसळलंय,” आणि दोघं निघाली. जाताना तो दाराच्या चौकटीला धडकला आणि चौकटीवरच चिडला.

मुंगी शेजारी थांबली नाही. दुसऱ्या दिवशी शेजारीण फोनवर बोलत असताना ती सटकली आणि टेबलाखाली येऊन बसली. डोळे लाल, पापण्या सुजलेल्या.

“रडलीस का गं?”

“नाही. उघडे धरले होते. बोटांनी.” तिने करून दाखवलं. “मग पाणी येतं. मग बाई म्हणतात, आता नाटकं करते.”

“बाईंना सांगायचंस ना, उजेड टोचतो म्हणून.”

“त्यांनी विचारलं होतं, मुद्दाम करतेस का. मी म्हटलं हो.”

“हो? अगं, का पण?”

मुंगीने वहीच्या कोपऱ्याला दुमड घातली. “शेवटच्या बाकावरची म्हणत होती, हिला दिसत नाही, ही आंधळी आहे. त्यापेक्षा वाह्यात बरी. आंधळीला खेळायला घेत नाहीत.” मग मान वर न करता म्हणाली, “तू पण तर तसंच सांगतेस सगळ्यांना.”

आत्याने इस्त्रीचं बटण बंद केलं. एवढं साधं काम, पण बटण सापडायला तिला वेळ लागला. तिने जन्मभर जी हुशारी केली होती, ती या पोरीने काही न शिकवता उचलली होती. वहिनीचं बरोबरच होतं म्हणायचं. डोळा रक्तातून आला होता, पण खोटं बोलणं ती आत्याचं बघूनच शिकली होती.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आत्या शाळेत गेली. भर दुपारी ती सहसा कुठे जात नसे. शाळेच्या आवारात पांढऱ्या फरशा होत्या. त्या ओलांडताना तिने एका झाडाला “सरका जरा” म्हटलं. वर्गशिक्षिका वर्गातच डबा खात बसल्या होत्या. तरुण होत्या, आणि सकाळपासून ओरडून घसा बसलेला होता.

“मी मुंगीची आत्या.”

“अच्छा,” बाई म्हणाल्या, आणि त्या एका शब्दात वहिनीने घरची किती माहिती पुरवली होती ते कळलं.

“तिची जागा कुठली?”

बाईंनी दाखवली. आत्या त्या बाकावर कशीबशी मावली आणि फळ्याकडे पाहू लागली. उजवीकडे खिडकी, खिडकीबाहेर फरशा, फळा नवा, गुळगुळीत पांढरा. त्यावर ऊन असं पसरलं होतं की कोणी आरसाच टांगला असावा. आत्याचा डावा डोळा मिटला, गाल वर गेला, ओठाचा कोपरा वर गेला. बाईंचा घास हातातच राहिला.

“बघा,” आत्या म्हणाली. “आता तुम्ही म्हणाल मी तुम्हाला डोळा मारला.”

“मारलातच की.”

“नाही. मिटला. मारणं आपल्या हातात असतं, मिटणं नसतं. मी जन्मभर मिटला आणि मारला म्हणून सांगत आले. पोरगीही आता तेच सांगते. तिला फळ्यावरचं काही दिसत नाही. मला तर तुम्हीही दिसत नाही आहात. आवाजाच्या दिशेने बोलते आहे.”

बाईंनी डबा बाजूला ठेवला. मग उठल्या आणि पडदा ओढायला गेल्या. पडदा अर्ध्यावर अडकत होता. त्यांनी खुर्चीवर चढून, डब्याचा चमचा घालून तो सोडवला.

“मी तिला ओरडले फार,” त्या म्हणाल्या. “पण एक विचारू? राग मानू नका. तुम्हाला लहानपणापासून असं होतं, आणि तुम्ही डॉक्टरांना काय सांगितलं?”

डॉक्टरांना तिने काहीच सांगितलं नव्हतं. “डॉक्टरच केला नाही,” आत्या म्हणाली.

“मग आधी ते करा,” बाई म्हणाल्या. “तिला मी भिंतीच्या बाजूला बसवते, आजपासून. पण तुम्ही तिला दाखवून आणा.”

त्या संध्याकाळी आत्या भावाकडे गेली आणि चप्पल काढून, पाय धुऊन, नीट बसून सगळं सांगितलं. वहिनी ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, “म्हणजे तुम्ही कोणाला कधीच...?” तिच्या आवाजात सुटकेपेक्षा निराशाच जास्त होती. इतक्या वर्षांचा विषय हातचा गेला होता. भाऊ म्हणाला, “आपल्या घराण्यात डोळ्यांचं काही नाही. तुला वहम आहे.” तरी चौघं गेली.

नेत्रतज्ज्ञ बाई होत्या, बोलायला मोकळ्या. मुंगीच्या डोळ्यांत थेंब घातले, हनुवटी यंत्रावर टेकवायला लावली, दिवे दाखवले, रंगांचे ठिपके दाखवले. मुंगीने लाल आणि तपकिरी ठिपक्यांची खुशाल अदलाबदल केली. मग त्यांनी विचारलं, “घरात आणखी कोणाला असा त्रास?”

“कोणालाच नाही,” भाऊ म्हणाला.

खोलीतला मोठा दिवा नुकताच लागला होता. डॉक्टरांनी मान वळवून पाहिलं. खुर्च्यांच्या रांगेत आत्या बसली होती, डावा डोळा मिटून. दुसऱ्या टोकाला भाऊ, डावा डोळा मिटून, वर टोपी. मध्ये मुंगी, थेंबांमुळे दोन्ही मिटून.

“तुम्हाला काय होतं?” डॉक्टरांनी भावाला विचारलं.

“पित्त.”

“डोळ्यात?”

वहिनी इतकी हसली की तिला बाहेर जाऊन पाणी प्यावं लागलं. परत आली तेव्हा तिचे डोळे पुसलेले होते, आणि ते सगळं हसूनच आलेलं नव्हतं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर भर उजेडात बघायचं काम करणाऱ्या पेशी असतात, त्या या घरात जन्मतः कमजोर. उजेड वाढला की त्या हात टेकतात. बापाकडून मुलांकडे, मुलाकडून नातीकडे आलेलं आहे असं दिसतं. नक्की सांगायला रक्ताची तपासणी करू. यावर आज तरी बरं करणारं औषध आपल्याकडे नाही. पण त्रास कमी करता येतो. रंगीत काचांचा चष्मा, काठाची टोपी, खिडकीकडे पाठ, मोठी अक्षरं, आणि दरवर्षी तपासणी.

“वाढेल का?” वहिनीने विचारलं.

“वाढू शकतं. किती आणि कधी, ते मी आज सांगितलं तर ते खोटं ठरेल.”

मग आत्याची पाळी आली. तिची तपासणी लांबली. डॉक्टर म्हणाल्या, मधली नजर बरीच झिजली आहे, कडेची चांगली आहे. आधी आला असतात तर चष्म्याने एवढी वर्षं सुखाची गेली असती.

“सुखाचीच गेली,” आत्या म्हणाली. मग थोडं थांबून, “पण हिची तशी नको जायला.”

दोन आठवड्यांत गल्लीला कळलं. वहिनीने ते सांगितलं, आणि जितक्या उत्साहाने आधीचं सांगितलं होतं तितक्याच उत्साहाने. मग जे व्हायचं ते झालं. गिऱ्हाइकं आत्याशी मोठ्यांदा बोलू लागली. एकाने कपड्यांची पिशवी तिच्या हातात देताना “ही पि-श-वी” असं सांगितलं. न्यायाधीश कुठल्याही बाजूने जाऊ लागले, आणि शर्टाची इस्त्री मोडलेली. आत्याला त्या पहिल्या दिवसांत बदनामीची अशी काही आठवण यायची, की जणू एखादं जुनं माणूस घरातून गेलं असावं.

औषधवाले एका दुपारी रस्ता ओलांडून आले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. केसांच्या मुळाशी पांढरं दिसू लागलं होतं. रंग लावायचा राहिला होता.

“ऐकलं मी,” ते म्हणाले. “म्हणजे ते सगळं काचेमुळे.”

“काचेमुळेच.”

“सगळं?”

आत्याने नव्या, तपकिरी काचांच्या चष्म्यातून त्यांच्याकडे पाहिलं. जरा कडेने बघावं लागायचं, पण चेहरा पहिल्यांदाच पुसट न होता उभा होता. नाक तिला वाटलं होतं त्यापेक्षा मोठं निघालं.

“ढगाळ दिवसही असायचे की मध्ये,” ती म्हणाली. “त्या दिवशी काच कुठे चमकते?”

औषधवाले थोडा वेळ हिशेब करत उभे राहिले. मग परत गेले, पण चाल बदलली होती.

मुंगीचा चष्मा नारिंगी होता. शाळेत पहिल्या दिवशी तिला ‘गाजर’ म्हणाले, दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी तो घालून पाहिला, आणि तिसऱ्या दिवशी शेवटच्या बाकावरची म्हणाली, मला पण हवा. वर्गशिक्षिका रागावल्या की आता मुंगीला त्यांच्या भुवया दिसत, आणि त्या वेगवेगळ्या दिशांना जातात असं तिचं म्हणणं होतं.

सुट्टीच्या दिवशी भर बारा वाजता तिने आत्याला दुकानातून ओढून काढलं. “चल, चक्कर मारू. टोपी घे.” आत्या म्हणाली की या वेळेला शहाणी माणसं घरात असतात. “मग तुझा काय संबंध?” मुंगी म्हणाली.

दोघी निघाल्या. टोप्या, रंगीत चष्मे, एकमेकींचा हात. ऊन होतंच, पण आता ते फणा काढून अंगावर येत नव्हतं. चौकात मुंगीला एका भिंतीवरची अक्षरं वाचायची होती म्हणून त्या थांबल्या. तेवढ्यात मागून एक गृहस्थ आले, भला माणूस, आणि त्यांनी दोघींचे दंड धरले.

“या, या, घाबरू नका,” ते तोडून तोडून म्हणाले, आणि काही कळायच्या आत त्यांनी दोघींना रस्त्यापलीकडे नेऊन सोडलं. “सां-भा-ळून हं.”

“फार उपकार झाले,” आत्या म्हणाली.

ते समाधानाने निघून गेले. दोघी तिथे उभ्या.

“आत्या, आपल्याला इकडे यायचंच नव्हतं.”

“माहीत आहे.”

“मग बोलली का नाहीस?”

“त्यांना किती बरं वाटलं, बघितलंस ना?”

मुंगीला ते पटलं नाही. “पुढच्या वेळेला मी सांगणार,” ती म्हणाली. “म्हणणार, काका, दिसतं आम्हाला, फक्त जरा कमी. आणि ऐकू येतं पूर्ण.”

आत्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. “सांग,” ती म्हणाली. “पण त्यांनी हात सोडल्यावर सांग. धरलेला असताना ऐकलं तर दचकून पडतील बिचारे.”

मग मुंगीने डावीकडचा रस्ता बघायला घेतला, आत्याने उजवीकडचा, आणि गाडी नाही याची एकमेकींकडून खात्री करून घेऊन दोघी अक्षरांच्या भिंतीकडे परत निघाल्या.